दहावा माणूस आणि एकशे वीस जागा

मुलांनो, डोळे मिटा आणि ज्यू लोकांचं एक प्रार्थनाघर मनात आणा. अर्जेंटिनातल्या विल्या रिव्हका गावातलं. जागा एकशे वीस, प्रत्येक जागेवर पितळी पाटी, पाटीवर मालकाचं नाव. येणारे म्हातारे नऊ. बाकीचे मालक ब्युनोस आयर्सला किंवा कबरस्तानात.

प्रार्थनेची जागा ठरलेली असावी, म्हणजे मन स्थिर राहतं, असं धर्मशास्त्र सांगतं. इथल्या समितीने मन सोडलं आणि जागा धरली.

त्या गुरुवारी फिशेल आजोबांच्या बायकोची पहिली पुण्यतिथी होती. गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, कद्दिश, म्हणायला दहा पुरुष लागतात. आणि सूर्य मावळला की दिवस संपला. त्यांची नात मिर्ता हमरस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि सूर्यफुलाचा ट्रक चालवणाऱ्या एका ज्यू माणसाला, नाउमला, घेऊन आली.

"बसू कुठे?" नाउमने विचारलं.

चिटणीस ग्लाझमन उठले. "आपली जागा कोणती?"

"माझी कुठली? मी रोसारिओचा. ही मोकळी दिसतेय."

"ती वाइनबर्गांची आहे."

"कुठे आहेत ते?"

"वारले, अठरा वर्षांपूर्वी. पण राजीनामा दिलेला नाही."

"मग उभा राहतो."

"वाट अडवता येणार नाही. अर्ज करा."

मिर्ता पळत घरी गेली आणि स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन आली.

"खुर्ची दुधाच्या जेवणाची की मांसाच्या?" ग्लाझमननी चष्मा चढवला.

"आजीची आहे. ती दोन्ही वेळा तिच्यावरच बसायची."

"दोन्ही वेळा! मग तर प्रश्न गंभीर आहे."

दूध आणि मांस एकत्र खायचं नाही, हे खरं. पण खुर्ची कुणीच खात नाही. तरीही तिघांची उपसमिती नेमण्यात आली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं.

"अरे ग्लाझमन," आजोबा म्हणाले, "माझी हाना वाट बघतेय रे."

"भावना समजतात, फिशेल. पण आज याला बसू दिलं, तर उद्या कुणीही येऊन बसेल."

"उद्या कोण येणार आहे? येऊ दे की!"

मोजणीत मिर्ताला धरत नसत, त्यामुळे मोजणाऱ्यांकडे नीट बघायला तिला वेळ असायचा. तिने खुर्ची उचलून अंगणात ठेवली, नाउमला बसवलं, आजोबांना हाताला धरून त्याच्याशेजारी उभं केलं आणि दारातून ओरडली, "बाहेर पहिली रांग मोकळी आहे! कुणाचीच पाटी नाही!"

आठही म्हातारे उठले. पहिल्या रांगेसाठी दोन काठ्या एकमेकींत अडकल्या, ग्लाझमनची टोपी पडली. दहा भरले. सूर्य कुंपणाला टेकला होता, तेवढ्यात आजोबांनी हानाची प्रार्थना पुरी केली.

नाउम ट्रककडे गेला. आठही जणांनी खिशातून रुमाल काढले आणि आपण उभे होतो त्या जागी, मातीवर, उद्यासाठी अंथरले. वर दगड ठेवले. आजोबांचा रुमाल तेवढा त्यांच्या डोळ्यांना होता.

सगळे गेल्यावर मिर्ता वाकून एकेक रुमाल गोळा करू लागली. आठ झाले. तरी एक उरलाच, जागा धरायला आपण बसच्या खिडकीतून सीटवर टाकतो तसा चुरगळलेला. तो इथल्या कुणाचाच नव्हता.

तिने तो झटकला, वर बघितलं आणि, मुलांनो, तुमच्यापुढे धरला.