गोलातला ‘ता’

पहिल्याच भेटीत तायडेकाकांनी माझ्या बायकोची चकली मोजली. दिवाळीच्या फराळाला शेजारी म्हणून बोलावलेला माणूस शर्टाच्या खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढतो, चकलीचा वेढा त्याच्या दोन जबड्यांत धरतो, डोळे बारीक करून आकडा वाचतो आणि म्हणतो, “वेढे एकसारखे नाहीत. पण लॉट घ्यायला हरकत नाही.” मेधा दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवशी तिनं नवा सोऱ्या मागवला.

काका मूळचे नागपूरकडचे. बत्तीस वर्षं सरकारी काडतूस कारखान्यात तपासनीस होते. काकू गेल्यावर निखिल, म्हणजे त्यांचा मुलगा, त्यांना इथं अमेरिकेत, शुगर लँडला घेऊन आला. कारखाना सुटला, व्हर्नियर सुटला नाही. जो माल पसंत पडेल त्यावर ते मार्करनं एक गोल काढतात आणि गोलात ‘ता’ लिहितात. कारखान्यात म्हणे प्रत्येक तपासनिसाची अशी खूण असायची आणि त्या खुणेशिवाय पेटी दाराबाहेर जायची नाही. इथल्या अख्ख्या मराठी मंडळींत गोलातला ‘ता’ मिळालेली तीनच भांडी आहेत. त्यांतला एक कुकर आमचा. मेधा तो ‘ता’ सोडून बाकीचा कुकर घासते.

पण काकांचा खरा शत्रू चकली नाही, बंदुकीची जाहिरात. आता आमच्या टेक्ससमध्ये माणसानं कशावर राग धरावा याला काही मर्यादा? इथं बंदुकीचं दुकान किराण्याच्या शेजारी असतं. काकांना गाडी येत नाही, त्यामुळे दर शनिवारी मी त्यांचा ड्रायव्हर. मी दूध-दही आणेपर्यंत ते शेजारच्या दुकानात शिरतात आणि लेबलं वाचतात. बंदूक घ्यायचा प्रश्नच नाही. एकदा सेल्समननं विचारलं तर म्हणाले, “आत काय असतं ते माहीत आहे मला. म्हणूनच नको.”

पाकिटावर ‘मिलिटरी ग्रेड’ दिसलं की त्यांचा चेहरा खुलतो. मला हाक मारतात, “इंजिनिअर, इकडे ये. मिलिटरी ग्रेड म्हणजे काय, माहीत आहे? सगळ्यात कमी रेट भरणाऱ्या कंत्राटदाराचा माल! आयुष्यभर मी तोच परत पाठवला.” ‘टॅक्टिकल’ या शब्दावर तर त्यांचं खास प्रेम. टॅक्टिकल मोजे, टॅक्टिकल पेन, कुत्र्याचा टॅक्टिकल पट्टा. “यात टॅक्टिकल काय आहे? काळा रंग. बस.” एका बंदुकीवर आजीवन वॉरंटी होती. काउंटरवरच्या पोराला त्यांनी गंभीरपणे विचारलं, “हूज लाइफटाइम? माझा, बंदुकीचा, की समोरच्याचा?” तो बिचारा मॅनेजरला बोलवायला आत गेला. मी दह्याचा डबा कवटाळून गाडीत जाऊन बसलो.

बंदुकांचे व्हिडिओ करणारे लोक काका नेमानं बघतात, दुसऱ्याची भांडणं ऐकावीत तशा चवीनं. “कंपनीनं याला बंदूक फुकट दिली. आता हा तिला वाईट म्हणणार? जावयाला सासरी विचारतात ना, भाजी कशी झाली? तसंच आहे हे.” पाच गोळ्या एका इंचात मारल्याचा कागद कोणी दाखवला की काका टीव्हीशी बोलतात, “हा एक दाखवून राहिला. फसलेले नऊ कागद कुठं ठेवले बे?” आणि सगळ्यावर त्यांचा एकच सवाल, “मोजलं कोणी?”

हा सवाल त्यांनी एकदा बंदुकांच्या प्रदर्शनात बिली नावाच्या एका म्हाताऱ्याला केला. बिलीची गावाबाहेर मोकळी शूटिंग रेंज आहे. मला वाटलं, आता मार बसतो. बिली खदखदून हसला आणि म्हणाला, चाळीस वर्षं मी हेच म्हणतोय, कोणी ऐकत नाही. तेव्हापासून दोघांची गट्टी. बिली त्यांना ‘कर्नल’ म्हणतो. काका दर वेळी दुरुस्ती करतात, “नॉट कर्नल. इन्स्पेक्टर.” पुढच्या वेळी तो पुन्हा कर्नलच म्हणतो.

असं सगळं मजेत चाललं होतं आणि मग अन्वीच्या शाळेत ती ड्रिल झाली.

अन्वी ही काकांची नात, तिसरीत आहे. ड्रिल म्हणजे, शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याची रंगीत तालीम. दिवे बंद, दाराला कडी, पोरं कपाटामागे गप्प. अशा ड्रिल तिनं आधीही केल्या होत्या. या वेळी काय झालं कोणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत जाईना. पोट दुखतं, डोकं दुखतं, बूटच सापडत नाहीत. निखिलनं समजावलं, रागावला, शेवटी ऑनलाइन एक बुलेटप्रूफ पाटी मागवली. दप्तरात सरकवून ठेवायची. असा माल इथं मिळतो, वह्या-पेन्सिलींसारखा. खोक्यावर अर्थातच, ‘मिलिटरी ग्रेड’.

अन्वीनं ती पाटी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, “डिड आजोबा चेक इट? यावर त्यांचा ‘ता’ कुठंय?”

त्या घरात ती याच शिस्तीत वाढली होती.

काकांनी त्याच लॉटमधली दुसरी पाटी मागवली. “तपासलेला नग वापरता येत नाही,” ते मला म्हणाले. “एक फोडायचा, त्यावरून दुसऱ्याचं ठरवायचं. बत्तीस वर्षं हेच केलं.” शनिवारी आम्ही बिलीकडे गेलो. दहा वाजले नव्हते तरी शर्ट पाठीला चिकटला होता. बिलीनं मातीच्या बांधासमोर वाळूचं पोतं ठेवलं, त्याला पाटी टेकवली. आधी पिस्तूल. पाटीनं गोळ्या अडवल्या, मागून नुसता फुगवटा आला. काकांनी व्हर्नियर लावून फुगवटा मोजला, वहीत लिहिला आणि मान हलवली. मी म्हटलं, झालं, चला घरी, मेधानं पोहे केलेत.

“आता मोठी,” काका म्हणाले.

बिलीनं खोक्यावरची बारीक अक्षरं दाखवली. ही फक्त पिस्तुलासाठी आहे कर्नल, रायफलसाठी बनवलेलीच नाही.

काकांनी दुरुस्ती केली नाही. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “येणारा पोरीला विचारून आणणार का, कोणती आणू म्हणून?”

बिलीला मी भाषांतर करून सांगितलं नाही, पण त्याला ते कळलं असावं. त्यानं मुकाट्यानं रायफल आणली. एकच आवाज झाला. आम्ही जवळ गेलो. पाटीला पुढून भोक, मागून भोक, पोत्यातून वाळू गळत होती. काकांनी खिशातून व्हर्नियर काढला, भोकापाशी नेला आणि न मोजताच परत खिशात ठेवला. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून त्यांनी न मोजलेली ती पहिली वस्तू.

परत येताना ते एकच शब्द बोलले. “रिजेक्ट.”

अन्वी पायरीवरच बसली होती, मांडीवर दप्तर घेऊन. “पास?” गाडीचं दार उघडायच्या आतच तिनं विचारलं.

मी काकांकडे बघितलं नाही. बघवेना. काका खाली उतरले, तिच्या शेजारी बसले, दप्तरातली पाटी काढली. चारी कोपऱ्यांची जाडी मोजली, बोटानं टिचक्या मारल्या, कान लावला. सगळं अगदी सावकाश, रीतसर. मग मार्कर मागितला आणि पाटीच्या बरोबर मध्यावर गोल काढून त्यात ‘ता’ लिहिला. ‘ता’ जरा वाकडा आला.

“पास,” ते म्हणाले.

अन्वीनं शाई सुकेपर्यंत फुंकर मारली. सोमवारी बूट सापडले, पोट दुखलं नाही, पोरगी शाळेत गेली.

निखिलला त्यांनी त्याच संध्याकाळी सगळं खरं सांगितलं. कंपनीला चार पानी पत्र लिहिलं, फुगवट्याच्या मापासकट. अजून तरी उत्तर नाही. मला म्हणाले, “खराब लॉट पास कर म्हणून साहेबांनी दटावलं, कंत्राटदारानं मिठाई पाठवली. बत्तीस वर्षांत एक खोटा शिक्का मारला नाही, इंजिनिअर.”

गेल्या आठवड्यात मेधानं हौसेनं नवा तवा त्यांच्यापुढे धरला. काकांनी तो हातात घेतला, छान आहे म्हणाले आणि परत दिला. “मोजा ना काका!” “नाही बेटा. तपासणी बंद केली मी.” मेधाला वाटलं, तव्यात खोट आहे. ती तो बदलून आणायला निघाली होती, मी कसाबसा थांबवला.

अन्वीची बस साडेतीनला येते. परवा मी ऑफिसमधून लवकर निघालो, तर अडीचलाच काका कोपऱ्यावरच्या ओकच्या झाडाखाली उभे. डोक्यावर रुमाल, हातात तिची पाण्याची बाटली, अंगातून घामाच्या धारा. मी गाडी थांबवून काच खाली केली.

“काका, अहो तास आहे अजून! बस साडेतीनची आहे, वेळापत्रकात छापलंय.”

“छापलंय,” काका रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. “मोजलं कोणी?”

मी गाडी कडेला लावली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.