पुसल्याचा पुरावा

"जागा अपुरी, आणखी केवळ दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण शक्य," असे संगणकाने जाहीर केले, तेव्हा बाईंच्या वाचनाचे शेवटचे प्रकरण उरले होते आणि ते चाळीस मिनिटांचे होते. ध्वनिपुस्तकासाठी वाचण्याचे त्यांचे हे पहिलेच काम. सहापर्यंत ध्वनिमुद्रण पोहोचले नाही, तर संपूर्ण पुस्तक दुसऱ्या आवाजात करून घेऊ, असे प्रकाशकांनी बजावले होते. चार वाजून गेले होते.

"अहो, जुनं काहीतरी उडवा ना! तोवर मी गुळण्या करून येते."

न्यायालयाच्या अभिलेख कक्षातून गेल्या वर्षी निवृत्त झालेले यजमान बाह्या सरसावून बसले. 'उडवा' हा शब्द त्यांना रुचला नाही. कागद उडवायचा नसतो, रीतसर नष्ट करायचा असतो. म्हणून ते संगणकातला एकेक जुना अर्ज उघडत, पडद्याचे छायाचित्र घेत, त्याची दुसरी प्रत काढत आणि मगच मूळ अर्ज पुसत.

अर्ध्या तासाने बाई परतल्या. "झालं का?"

"बेचाळीस अर्ज निकालात काढले."

"जागा किती झाली ते सांगा!"

यजमानांनी आकडा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "सात मिनिटं."

"मघाशी दहा होती!"

"तत्त्वतः हे संभवत नाही."

"सरका बरं! आणि हे 'नष्ट अभिलेख' नावाचं फोल्डर काय आहे?"

"पुसल्याचे पुरावे. प्रत्येकी दोन प्रती."

"दोन ओळींच्या अर्जाचे एवढे अगडबंब फोटो? आणि अकरा हजार?"

"निवृत्तीपासून रोज थोडी साफसफाई करतो ना मी."

वर्षभर भरत आलेल्या या संगणकाचा रोग आणि वैद्य एकाच खुर्चीत बसले होते. बाईंनी तो संपूर्ण संग्रह निवडला आणि बोट उचलले.

"अगं थांब! याची नोंद? कोणाच्या आदेशानं?"

"माझ्या!"

कळ दबली. सहा तासांची जागा मोकळी झाली. बाईंनी पाणी पिऊन पुस्तक उघडले.

"आदेश लेखी मिळेल का?" यजमानांनी क्षीण स्वरात विचारले.

"तोंडीच आहे. आणि आता आवाज नकोय मला!"

चौतीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांचा तोंडी आदेश दोनदा ऐकण्याची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नव्हती. ते उठले, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता बाहेर जाऊन दार ओढून घेतले.