सुष्माचं भारी इंग्लिश

"यंदाच्या दसऱ्याला मी डब्लिनमध्ये असणार!" सुष्मानं सासूबाईंना ठणकावून सांगितलं. आता दसरा टाकून कुणी म्हैसूरबाहेर जातं का? पण तिचा नवरा रक्षित डब्लिनमध्ये होता, आणि त्याच्याशिवाय तिला घर खायला उठायचं. इंग्लिशची परीक्षा पास झाली की तिला तिथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळणार होती. अडत होतं फक्त बोलण्यात. क्लासमध्ये सांगितलं होतं, भारी शब्द शिका आणि रोज वापरा.

वापरायचे कुणावर? रक्षितवर! संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला की सुष्मा हातवारे करत सुरू व्हायची, "युवर ॲब्सेन्स इज इन्टॉलरेबल! माय मेलन्कली इज पर्पेच्युअल!"

"अगं, जेवलीस का ते तरी सांग," तिकडून रक्षित म्हणायचा.

तिलाही तेच विचारायचं असायचं. पण जेवणाला मार्क नव्हते.

दाराबाहेर सासूबाईंचा, म्हणजे वनजाबाईंचा, जीव टांगणीला! या नवरा-बायकोची रीतच होती, भांडायचं ते इंग्लिशमध्ये. मोठ्यांना कळायला नको ना! ऐकून ऐकून वनजाबाईंना भांडणापुरतं इंग्लिश येऊ लागलं होतं. पण हे शब्द? एकही कळेना! म्हणजे भांडण केवढं मोठं असेल!

नंजनगूडच्या देवाला नवस बोलून झाला. शब्द लांबतच चालले. मग बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेल्या दिरांना, मालोजीरावांना, बोलावलं. त्यांनी दाराला कान लावला आणि गंभीर चेहऱ्यानं मान हलवली.

"वहिनी, प्रकरण हाताबाहेर गेलंय." कळलं नाही, हे मॅनेजर कसा कबूल करणार!

वनजाबाईंनी तडक लेकाला फोन लावला. "अय्यो, काय झालं विचारू नको! सुष्माला सांगू पण नको! सुम्ने, गुपचूप निघून ये!"

रक्षितनं खरंच काही विचारलं नाही. त्यालाही निमित्तच हवं होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सुष्मानं दार उघडलं, तर समोर बॅग घेऊन रक्षित! सगळं भारी इंग्लिश एका क्षणात पळालं. ती रडायलाच लागली. भांडण नव्हतंच, हे कळल्यावर वनजाबाई गुपचूप शिरा करायला गेल्या.

दुपारी परीक्षा. रक्षित बाहेर बाकावर बसला. आत परीक्षक बाईंनी विषय दिला, तुम्हाला जिची फार आठवण येते अशा व्यक्तीबद्दल दोन मिनिटं बोला.

अरे देवा! याच विषयावर तर ती कित्येक महिने रोज बोलत होती! पण आज आठवण यायची कशी? काचेच्या दारातून तो समोर दिसत होता, निवांत वडा खात! सुष्मा नुसती हसत बसली.

परीक्षा अर्ध्या मार्कानं गेली. सुट्टी संपली आणि रक्षित एकटाच परतला.

त्याला बेंगळूरच्या विमानतळावर सोडून येताना बसमध्ये सुष्माला त्या प्रश्नाचं उत्तर सुचायला लागलं. अस्खलित, एकाहून एक भारी शब्दांत, डोळे पुसत ती जी सुरू झाली ती म्हैसूरजवळचं मंड्या आलं तरी थांबेना. ऐकायला मात्र तिच्या खांद्यावर डोकं टाकून घोरणाऱ्या वनजाबाईच होत्या.