तंबूचं तोंड समुद्राकडे

या घरात प्रश्न न विचारता पाळायचा एकच नियम आहे, असं सासूबाईंनी लग्नानंतर लगेचच सांगून टाकलं होतं. (तसे नियम पुष्कळ होते, पण बाकीचे आपोआपच अंगवळणी पडत असल्यामुळे त्यांना कुणी नियम म्हणत नसे.) तो नियम असा: लग्नाच्या वर्षी, थंडी सुरू व्हायच्या आत, नव्या जोडप्याने बाबांचा कापडी तंबू घेऊन समुद्राकाठी एक मुक्काम करायचा. आणि तंबूचं तोंड समुद्राकडेच ठेवायचं.

"समुद्राकडेच का?" सूनबाईने विचारलं.

चहात मीठ पडल्यासारखा चेहरा करून सासूबाई म्हणाल्या, "का म्हणजे? बाबा म्हणतात म्हणून."

बाबा, म्हणजे सासरे, वीज खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. घरातल्या प्रत्येकाचं कनेक्शन कुठे ना कुठे लूज आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. हॉलमध्ये त्यांचा तरुणपणीचा एक भला मोठा फोटो होता: मागे तोच तंबू, पुढे बाबा. दोघेही तट्ट फुगलेले. थोरल्या जाऊबाई त्या फोटोखाली उभ्या राहून सांगायच्या, "लाख मोलाचा अनुभव गं! शब्दांत नाही सांगता येत." आणि खरोखरच त्यांनी त्यापुढे एकही शब्द कधी सांगितला नव्हता.

सूनबाई फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांच्या आखडलेल्या माना मोकळ्या करून घरी यायची, तर इथे एकही मान हलायला तयार नाही. नवऱ्याची, म्हणजे चिरंजीवांची मान तेवढी हलायची, पण फक्त वर-खाली.

तरीही ती तयार झाली. कारण उघड होतं. लग्न झाल्यापासून दोघांना एक संध्याकाळही स्वतःची अशी मिळाली नव्हती. तंबू काय, नवऱ्याशी धड दोन वाक्यं बोलता येणार असतील तर ती पिंपातसुद्धा राहायला तयार होती. निघताना सासूबाईंनी बजावलं, "आणि हो, धाकट्याचं लग्न ठरलंय. थोरलीने तुला सांगितलं, आता तू धाकटीला सांगायचंस. आपल्याकडे असंच चालतं."

समुद्रावर पोचल्यावर पाहते तो काय, झुडपांच्या आड बाबांची गाडी उभी. पुढच्या सीटवर बाबा, गळ्यात शिट्टी. शेजारी सासूबाई, मांडीवर थर्मास.

"आम्ही नाहीच आहोत असं समजा," बाबा काच खाली करून म्हणाले आणि त्यांनी शिट्टी मारली.

"हे केव्हा ठरलं?" सूनबाईने नवऱ्याला विचारलं.

"अगं, बाबा म्हणाले..."

"तू काय म्हणालास?"

चिरंजीवांनी मान वर-खाली केली. म्हणजे तेव्हाही हेच म्हणाले असणार.

आभाळ शाईच्या दौतीसारखं झालं होतं. अख्ख्या किनाऱ्यावर दुसरा तंबू नव्हता. कॅम्पच्या राखणदार बाई तेवढ्या दूरच्या स्वच्छतागृहापाशी दाराला टेकून यांच्याकडे बघत होत्या. सर्कसचा खेळ ठाऊक असलेला माणूस बघतो, तशा शांतपणे. सूनबाईने तंबू उलगडला. त्यावर ठिगळंच ठिगळं. शिवण मात्र फार मायेची.

"उंदीर," सासूबाई गाडीतून घाईघाईने म्हणाल्या.

चिरंजीव खुंट्या ठोकू लागले. पहिला घाव खुंटीवर, दुसरा अंगठ्यावर, अशी त्यांची निःपक्षपाती पद्धत होती. (फिजिओथेरपिस्ट बायको असण्याचा अंगठ्याला काही उपयोग होत नाही.) वारा थेट समुद्रावरून येत होता आणि दर झोतासरशी तंबू गालफडं फुगवत होता.

"अरे, याची पाठ तिकडे करू या. वारा सगळा आत शिरतोय."

शिट्टी वाजली. बाबा गाडीतून उतरून आले.

"काय अडलंय?"

"बाबा, वारा समुद्राकडून येतोय. तोंड तिकडे ठेवलं तर तंबू उडेल."

"तुझा जन्म नव्हता तेव्हापासून हा तंबू इथे उभा राहतोय. कधी उडाला नाही. काय गं?"

सासूबाईंनी थर्मासचं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं. "तुम्ही म्हणता म्हणजे असेलच."

"तेव्हा वारा असाच होता?" सूनबाईने विचारलं.

"आमच्या वेळी वारासुद्धा मोठ्यांशी हुज्जत घालत नसे," बाबा म्हणाले. "तुला दाखवतोच. वजन पडलं की तंबू जागचा हलत नाही. चल गं आत."

"मी कशाला?" सासूबाई म्हणाल्या. पण नवऱ्यामागून जायची इतकी सवय, की 'कशाला'चा 'ला' त्या तंबूच्या आतून बोलल्या.

दोघं मांडी घालून बसले. बाबांनी विजयाची शिट्टी मारली. तेवढ्यात समुद्राकडून जो झोत आला, त्याने खुंट्या दाताच्या डॉक्टरलाही जमणार नाही इतक्या सफाईने उपटल्या. तंबू जरासा उठला, विचारात पडला आणि मग वाऱ्यासोबत गडगडत निघाला. आतून एकदा शिट्टी, एकदा सासूबाई, असा आळीपाळीने आवाज येत होता. चिरंजीवांनी दोरी सोडली नाही. (आज्ञाधारकपणाचा हा शेवटचा टप्पा.) ते वाळूवरून पोटावर घसरत मागोमाग गेले आणि त्यांच्यामागून सूनबाई, एका हातात बिस्किटांचा पुडा घेऊन धावत सुटली.

तंबू स्वच्छतागृहाच्या भिंतीवर आदळून थांबला. धडपडत चारही जण स्वच्छतागृहात शिरले आणि बाहेर पाऊस कोसळायला लागला. कुणाला फारसं लागलं नव्हतं. बाबांच्या अहंकाराला खरचटलं होतं, पण त्यावर पट्टी बांधता येत नाही.

राखणदार बाईंनी तीन बादल्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "यंदा वजनदार मंडळी आहेत, जरा कमीच गडगडला. मागच्या खेपेच्या बाई बारीक होत्या, त्या पार पलीकडच्या कुंपणापर्यंत गेल्या होत्या."

"मागच्या खेपेच्या?" सूनबाईने विचारलं.

"तुमच्या थोरल्या. रात्रभर याच बादलीवर बसून रडल्या बिचाऱ्या. आणि साहेब तर माझी आई इथे कामाला होती तेव्हापासूनचे. आई सांगायची, फोटो काढला न काढला तोच तंबू गेला."

राखणदार बाई हसत आपल्या खोलीकडे गेल्या. आत नळ टपटपत राहिला. सूनबाईच्या डोळ्यांपुढे हॉलमधला फोटो आला. तट्ट फुगलेला तंबू! म्हणजे तो रुबाब नव्हताच, उड्डाणाची तयारी होती. आणि ती ठिगळं! उंदीर कुठला, इतकी वर्षं सासूबाई गुपचूप सुई चालवत होत्या.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते," सासूबाई पुटपुटल्या. "मी काढलीच ना रात्र? थोरलीनेही काढली. तूच काय अशी मोठी लागून गेलीस?"

तेवढ्यात फोन वाजला. होणारी धाकटी जाऊ.

"वहिनी! कसं चाललंय? लाख मोलाचा अनुभव असतो म्हणे!"

बाबांनी डोळे वटारले. "सांग तिला," ते दबक्या आवाजात म्हणाले. "फार छान म्हणून सांग. आणि तोंड समुद्राकडे, हेही सांग."

खरं सांगायचं तर 'फारच छान' हे शब्द सूनबाईच्या जिभेवर आलेही होते. लग्नानंतरची पहिली सहल आपण बादलीवर बसून केली, हे काय कुणाला सांगण्यासारखं आहे? मी भोगलं, तीही भोगेल. त्या क्षणी तिला थोरल्या जाऊबाई पूर्ण समजल्या. आणि समजल्या म्हणूनच ती घाबरली. उद्या त्या फोटोखाली उभी राहून तेच वाक्य बोलणारी बाई तिला आतून डोकावून बघत होती.

"वहिनी? तुमचा आवाज एवढा का घुमतोय?"

"नाही बाबा," सूनबाई म्हणाली, "हे मी सांगणार नाही." आणि मग फोनमध्ये, "घुमतोय कारण मी संडासात बसलेय, बादलीवर. शेजारच्या बादलीवर आई, त्यांच्या शेजारी तुझे भाऊजी. बाबा उभे आहेत, कारण बादल्या तीनच आहेत. तंबूचं तोंड समुद्राकडे केलं की सगळ्यांना इथेच यावं लागतं, या घरातल्या प्रत्येकाला. तू समुद्राकडे तंबूची पाठ कर. नाहीतर सरळ नाही म्हण आणि घरीच झोप."

चिरंजीवांची मान सवयीने वर-खाली झाली. आपण कुणाला होकार देतोय हे लक्षात आल्यावर ती मध्येच थांबली, आणि मग, आश्चर्य म्हणजे, पुन्हा वर-खाली झाली.



"वहिनी," धाकटी हळूच म्हणाली, "मी फोन स्पीकरवर ठेवलाय. माझे आईबाबा, काका-काकू, सगळे इथेच बसलेत."

सासूबाईंनी थर्मास खाली ठेवला.  बाबांनी सूनबाईला थांबवायला तोंडात धरलेली शिट्टी तिथेच राहून गेली होती, तिच्यातून त्यांचा श्वास तेवढा बारीक वाजत होता.