लेकरू आपल्या मनानं उठू द्या

आमचे डॉक्टर वानखेडे खिशात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन हिंडतात. माणूस भूल देणारा, पण रिकव्हरी रूममध्ये शिरला की आधी ट्रॉलीच्या चाकांत तेल सोडतो, मग दाराच्या बिजागऱ्यांत. का, तर ऑपरेशननंतर भुलीतून बाहेर येणारं लेकरू जराशा कुरकुरीनं दचकतं!

मी इथली सिस्टर. मूळची सांगलीची, नवरा चंडीमंदिरच्या छावणीत फौजेत, म्हणून इकडे पंजाबी मुलखात. मला काय हे ठाऊक नाही? अर्धवट शुद्धीतली पोरं आईलासुद्धा ओळखत नाहीत, सलाईन उपटतात. एकानं तर मला कडकडून चावलंय. पण म्हणून दिवे मंद, बोलणं कुजबुजत, माझ्या सँडलसुद्धा बदलायच्या? वर जरा घाई केली की सरांचं नागपुरी सुरू, "काहून घाई करून राहिल्या, सिस्टर? लेकरू आपल्या मनानं उठू द्या!" आणि तिकडे पुढच्या पेशंटला बेड हवा म्हणून सगळे माझ्या नावानं शंख करतात. डोक्याला ताप नुसता!

सर प्रत्येक आईला विचारणार, घरी काय हाक मारता? कागदावर गुरनूर सिंग, आणि हे मंजुळ आवाजात, "ओ गोलू पुत्तर..." त्यांची पंजाबी ऐकून गोलूची आजी तोंडात चुन्नी कोंबून हसत होती.

गेल्या महिन्यात माझ्याच सईचे टॉन्सिल काढले. सर म्हणाले, "आज तुम्ही सिस्टर नाही. बसा." बसले. पाच वर्षांची पोर, घशात ताजी जखम. किंचाळली तर रक्त यायचं. माझा जीव टांगणीला लागलेला. तिच्या पापण्या हलल्या आणि मी काय करावं? सवयीनं गालावर थापट्या मारत खणखणीत आवाजात, "चलो बेटा, आँखें खोलो!"

सईनं दचकून हातपाय झाडले. सरांनी माझा हात धरला. "आई हाय ना तुम्ही? घरच्यासारखं बोला."

"चिमे," मी म्हटलं. "चिमे, मी आहे गं." दहा मिनिटं तेवढंच म्हणत राहिले. ती हळूहळू निवली. डोळे उघडून म्हणाली, "मम्मा, पानी." मला रडूच कोसळलं.

नंतर सरांना विचारलं, "हे सगळं शिकलात कुठं?"

"माझी मुलगी ऑपरेशननंतर अशीच उठली, तेव्हा मी शेजारच्या ऑपरेशन थिएटरात दुसऱ्याच्या पोराला भूल देत होतो. अर्धा तास 'बाबा, बाबा' करून रडत होती. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. पण त्या पोराला सोडून जाऊ कसा?"

"अजून रागावलीय?"

"छे! मोठी झाली आता. मी माफी मागतो, तर हसते. म्हणते, बाबा, मला काहीच आठवत नाही." सरांनी खिशातून तेलाची कुपी काढली. "मले आठवते न, सिस्टर."