चेटकिणीच्या पुस्तकावरचे शेरे

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा यावर मला पुष्कळ सल्ले मिळाले. चेटकिणींची कादंबरी वाचा, असे मात्र कोणी सांगितले नव्हते. ती चूक माझी मीच केली.

माझी नात प्रज्ञा आठ दिवस एक सातशे पानी मराठी भाषांतर घेऊन फिरत होती. "आजोबा, अख्खं कॉलेज वाचतंय," ती म्हणाली. अख्खे कॉलेज काहीतरी वाचते आहे, ही बातमी मला चेटकिणींपेक्षा अद्भुत वाटली. मी पुस्तक मागितले.

"माझ्या मैत्रिणीचं, सुकन्याचं आहे, रविवारी परत द्यायचंय. ती पान दुमडू देत नाही. काही झालं तर दुसऱ्या भागाच्या रांगेतून माझं नाव कट."

"छत्तीस वर्षं कागद सांभाळलेत मी."

"या वयात चेटकिणी?" माझी बायको कलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. "घरात एक हाय, ती पुरंना व्हय?"

मी वाचायला बसलो. हातात निरोपसमारंभात मिळालेले चार रंगांचे पेन होते. (त्यातले हिरवे बटण मी कधी दाबले नाही. हिरवी शाई साहेबांची, आपण निळ्यातले.) आणि हात सवयीने चालू लागला.

पान ४१: 'झाडू उडाला. इंधनाचा उल्लेख नाही. खुलासा मागवावा.'

पान ११२: 'मुलगी घर सोडून गेली. पालकांची संमती जोडलेली नाही.'

पान ३०६: 'मयत व्यक्ती हजर. मृत्यूचा दाखला तपासावा.'

शेवटी: 'एकंदरीत पोरकट. दप्तरी दाखल.' रोज दुपारी पुस्तक उशाशी ठेवून मी झोपत असे. निकाली पाने पुन्हा उघडायची नाहीत, हा माझा जुना नियम.

रविवारी प्रज्ञाने पुस्तक उघडले आणि तिचे डोळे भरले. "आजोबा, हे पेनानं लिहिलंय?"

मी तिच्याबरोबर भिंगारला सुकन्याकडे गुन्हा कबूल करायला गेलो. सुकन्या पाने उलटत राहिली. चेहरा वसुली अधिकाऱ्यासारखा. मग एकदम खुदकन हसली, आणि नंतर तिला हसू आवरेना.

"प्रज्ञा, तुझा नंबर पहिला. आजोबा, भारी आहे हे."

मी सदऱ्याची कॉलर नीट केली.

"पण खालचे हिरवे शेरे कोणाचे?"

मी चष्मा लावला. पान ११२ वर, माझ्या संमतीच्या शेऱ्याखाली: 'आपल्या लग्नात माझी तरी कुठं जोडली होती?' पान ३०६ वर: 'ती मेलीच नव्हती. लिपिकाने पान २९० झोपेत वाचले आहे.' शेवटच्या पानावर: 'लिपिकाचा शेरा अमान्य. पुढचा भाग मागवावा.'

अक्षर कलाबाईचे होते. छत्तीस वर्षे घरी आणलेल्या फायली कोणी वाचत असेल, अशी शंका मला कधी आली नव्हती.

"दुसरा भाग प्रज्ञानंतर आजींकडे," सुकन्या म्हणाली. "त्यांचं झालं की तुम्हाला."

घरी आलो. साहेब ओट्याशी उभे होते.

"पेनातलं हिरवं संपलंय," त्या म्हणाल्या. "दळण आणायला जाताय तर येताना रिफिल घेऊन या."