थोरलं अंडं आणि अठरावं बीळ

एका जंगलात, मुलांनो, जिथे झाडं संपून वाळू सुरू होते तिथे, समुद्राकाठी एक मैदान होतं. तिथे सावलीला म्हणून एक झाड नाही. नुसतं गवत, वाळूचे उंचवटे आणि वारा. वारा असा की कावळा पूर्वेला निघाला तर पश्चिमेला पोचायचा, आणि मला इकडेच यायचं होतं असं सांगायचा.

या मैदानावर दर वर्षी एक फार जुनी स्पर्धा व्हायची. काठीने पांढरा चेंडू मारायचा आणि लांबच्या बिळात घालायचा. ज्याला कमी फटके लागतील तो जिंकला. माणसं याला गोल्फ म्हणतात आणि तो आपणच शोधला असं समजतात. समजू द्या.

बिळं अठरा होती, खेकड्यांनी खोदलेली. अठराच का, असं एका लहान सशाने एकदा विचारलं होतं. त्याला "परंपरा" असं उत्तर मिळालं, आणि मोठा झाल्यावर तोही तेच उत्तर देऊ लागला. गवत मेंढ्यांनी खाऊन बारीक केलेलं. मधूनमधून वाळूचे खड्डे. वाऱ्यापासून लपायला मेंढ्या तिथे बसत, आणि बसून बसून ते खड्डे झाले होते. त्यांत चेंडू पडला की भले भले खेळाडू रडकुंडीला येत. मेंढ्यांना त्याचं काही नव्हतं.

नियम पूर्वजांनी केलेले. चेंडू जिथे पडेल तिथूनच मारायचा, हात लावला तर हरलात. वारा, वाळू आणि मैदानात घर करून राहणारे जीव यांनी चेंडू हलवला तर तो हलला, तक्रार चालणार नाही. आपली चूक आपण होऊन सांगायची. आणि सर्वांत कडक नियम असा, की शेवटचा चेंडू बिळात पडेपर्यंत कोणी मोठ्याने बोलायचं नाही, कोणी घरी जायचं नाही आणि कोणी कोणाला खायचं नाही.

त्यामुळे हरणांना हा खेळ फार आवडायचा. बाकी काही कळत नसे, पण पहिल्या रांगेत हरणंच असत.

आता आपला भिकोबा. भिकोबा हा एक साळिंदर. तरुणपणापासून तो दर वर्षी खेळायचा आणि दर वर्षी हरायचा. एकदा तर जिंकता जिंकता हरला. गवतात काठीचा धक्का लागून त्याचा चेंडू जरासा हलला. पंचांनी पाहिलं नव्हतं, प्रेक्षकांनी पाहिलं नव्हतं. भिकोबाने स्वतःच जाऊन सांगितलं. त्या दिवशी त्याची बायको द्रुपदा त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

या वर्षी तो निघाला तेव्हा मात्र ती बोलली.

"या खेपेला चषक आणा. नाहीतर ही काठी मी चुलीत घालते. एक वेळचा स्वयंपाक तरी होईल तिच्यावर."

साळिंदराच्या बिळात चूल कशी, असं विचारू नका. ज्यांना असे प्रश्न पडतात त्यांना आम्ही गोष्टी सांगत नाही.

भिकोबाचा जीव त्या काठीत होता. ती धरून धरूनच त्याचे पंजे म्हातारे झाले होते. तो ती खांद्यावर टाकून निघाला.

समोर होता कोल्हा झुंजारराव, मागच्या वर्षीचा विजेता. त्याच्याकडे काठ्यांचा भारा होता. तो वाहायला एक गाढव, वारा कुठला ते सांगायला एक गिधाड आणि वाहवा करायला चार तरस होते. भिकोबाकडे एक काठी होती, आणि वारा कुठला ते त्याला अंगावरच्या काट्यांवरून कळायचं.

आणि काय सांगू, म्हातारा त्या दिवशी असा खेळला की मेंढ्यांनीही चरायचं थांबवलं. खेळ अठराव्या बिळापाशी आला. झुंजाररावाचा शेवटचा चेंडू पडला होता. भिकोबाच्या हाती अजून दोन फटके होते. त्या दोनांत चेंडू बिळात गेला की चषक त्याचा.

त्याने पहिला फटका मारला. चेंडू बिळाच्या दिशेने सरळ निघाला. तेवढ्यात वारा फिरला, आणि चेंडू बिळाच्या वरच्या उंचवट्यावर घरंगळत जाऊन एका टिटवीच्या घरट्यात, अंड्यांच्या मधोमध बसला.

टिटवी घरटं बांधते म्हणजे काय करते, तर उघड्या जमिनीवर चार खडे मांडते आणि घर झालं म्हणते. ती नेमकी पाय मोकळे करायला उठली होती. परत आली. घरट्याकडे पाहिलं. एक जास्त वाटलं. पण आईला जास्त झालेलं कधी खटकत नाही. ती पिसं फुगवून सगळ्यांवर बसली.

पंच होता करकोचा. तो एका पायावर विचार करायचा आणि दुसऱ्या पायावर निर्णय द्यायचा. तो टिटवीजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, आपल्या घरट्यात एक वस्तू आहे. ती अंडं नव्हे."

"कुठली?"

"ती पांढरी."

"रंगावरून बोलू नका हो पंच. जरा उजळ आहे इतकंच. माझ्या सासूच्या माहेरी सगळे उजळच."

"पण ते इतरांपेक्षा गोल आहे."

"थोरला आहे तो. थोरला जरा अंगाने भरलेलाच असतो."

करकोच्याने पाय बदलला आणि निर्णय दिला. चेंडू पडला आहे तिथून भिकोबाने मारावा. कधी मारावा, याबद्दल नियमांत काही नाही. पूर्वजांना घाई नव्हती.

भिकोबा काठी घेऊन उभा राहिला. चेंडू मारायचा म्हणजे अंडी फुटणार. चेंडू उचलायचा म्हणजे हरणार, आणि काठी चुलीत जाणार. टिटवी त्याच्याकडे पाहत होती. त्याने काठी खाली ठेवली आणि तो वाळूत बसला.

झुंजारराव त्याच्या कानाशी आला. "भिकोबा, अंडी काय, ती पुन्हा घालील. चषक पुन्हा येणार आहे का? मारून टाका."

भिकोबा म्हणाला, "रावसाहेब, मी चेंडू मारायला आलोय."

"मग उचला आणि हरलो म्हणा. लोकांना घरी जाऊ द्या."

"हरायला मी दर वर्षी येतो. आज जरा बसतो."

भिकोबा बसला म्हणून सगळं जंगल बसलं. दिवसामागून दिवस गेले. कोणी घरी जाईना, कोणी मोठ्याने बोलेना, कोणी कोणाला खाईना. वाघाच्या शेजारी डुक्कर घोरू लागलं. सिंहमहाराजांनी भाषण पाठ करून आणलं होतं, ते अर्धं विसरून गेले. एका दुपारी त्यांनी कोणी बघत नाही असं पाहून थोडं गवत खाऊन बघितलं, आणि त्यानंतर ते मेंढ्यांकडे आदराने पाहू लागले. हरणं तर मनातल्या मनात म्हणत होती, की देवा, या बाईची अंडी अजिबात उबू नयेत.

नवरा घरी का येत नाही हे पाहायला द्रुपदा आली. आता भिकोबाचं काही खरं नाही, असं सगळ्यांना वाटलं. तिने घरट्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं.

"हरलात तर काठी चुलीत," ती हळूच म्हणाली. "आणि त्या बाईच्या अंगावर उगारलीत तर काठी चुलीत आणि तुम्ही घराबाहेर."

"मग मी करू काय?"

"सरका थोडे," द्रुपदा म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

भिकोबाला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत ती त्याचा खेळ बघायला पहिल्यांदाच आली होती.

शेवटी एका सकाळी अंडी फुटली. टिटवीची पिल्लं म्हणजे पायांना चाकं लावलेली. बाहेर आली ती धावतच सुटली. टिटवीने सगळ्यांची दृष्ट काढली आणि थोरल्याची वाट पाहत बसली.

थोरला ढिम्म.

"ऊठ रे बाळा," ती म्हणाली. मग म्हणाली, "धाकटे बघ, समुद्र बघून आले." दुपार झाली तेव्हा आवाज चढला; मोठ्याने न बोलण्याचा नियम आईला कोण सांगणार? "सगळ्यांत जास्त ऊब तुला दिली. मधोमध ठेवलं तुला. लोक नाही नाही ते बोलले, मी ऐकून घेतलं. आणि तू नुसता लोळतोस?"

थोरला काही बोलला नाही. हे तर तिला मुळीच सहन झालं नाही.

"नीघ," टिटवी म्हणाली. "जग बघ. काहीतरी कर." आणि तिने त्याला चोचीने ढकललं.

थोरला निघाला. उंचवट्यावरून घरंगळला. मागून वारा होता. सगळं जंगल उभं राहिलं. चेंडू बिळाच्या काठापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

झुंजाररावाने डोळे मिटून घेतले. भिकोबाने द्रुपदाचा पंजा धरला. काटे टोचले, पण दोघांनाही सवय होती.

"थांबलास का?" टिटवी मागून ओरडली. "घरून निघालास तो एवढ्यासाठीच?"

वाऱ्याची एक झुळूक आली आणि चेंडू बिळात पडला.

करकोच्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकले. मैदानात घर करून राहणाऱ्या जिवाने चेंडू हलवला होता, वाऱ्याने पोचवला होता, तक्रार चालणार नव्हती. भिकोबा जिंकला. एवढा जल्लोष झाला की विचारू नका. हरणं मात्र टाळ्या वाजवायला थांबली नाहीत. ती केव्हाच डोंगरापलीकडे गेली होती.

सिंहमहाराजांना आठवलं तेवढं भाषण त्यांनी केलं. "भिकोबाने दया दाखवली, म्हणून त्याला चषक मिळाला," ते म्हणाले. सगळ्यांनी डोळे पुसले. एकट्या टिटवीला काही ऐकू आलं नाही. ती बिळात डोकावून म्हणत होती, "पहिल्याच दिवशी घर केलंन. वाटलं नव्हतं याच्याकडून."

चषकात द्रुपदा आता चिंच ठेवते. काठी दाराशी उभी असते.

पुढच्या वर्षी झुंजारराव दया शिकून आला. त्याने पहिलाच चेंडू नेम धरून टिटवीच्या घरट्यात मारला, आणि काठी ठेवून, चेहऱ्यावर करुणा आणून तो वाळूत बसला. चार तरस वाहवा करू लागले.

टिटवीने चेंडूकडे पाहिलं.

"अजून एक थोरला?" ती म्हणाली. "एकाला मार्गाला लावता लावता दमले मी." आणि तिने तो समुद्रात ढकलला.

तात्पर्य : दयेचं फळ मिळतंच. फक्त त्यासाठी शेजारी एक आई लागते, जिचा आपल्या थोरल्यावरचा विश्वास नुकताच उडालेला आहे.